बळीचा फटका

चाकणच्या एका कारखान्यात जपानी अधिकाऱ्याच्या भाषणासाठी दुभाषी म्हणून मला बोलावले होते. भाषणाचा कागद आदल्या दिवशी मागितला, तेव्हा ‘साहेब साधेच बोलणार आहेत’ असे उत्तर आले. साधे बोलणाऱ्यांचाच मला धसका आहे. जपानीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, पण मराठीची घडणही तशीच असल्यामुळे त्याची कसरत आम्हाला पडत नाही. आमचे घोडे अडते ते शब्दांवर.

साहेब याकुल्ट स्वॅलोज या बेसबॉल संघाचे जुने भक्त निघाले आणि थेट शिन्या मियामोतोवर आले. १९९५ पासून २०१३ पर्यंत हा खेळाडू त्या एकाच संघात राहिला, आधी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावण्याच्या टप्प्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक, आणि पुढे तिसऱ्या बेसवर खेळला, क्षेत्ररक्षणाचे गोल्डन ग्लव्ह त्याने दहा वेळा मिळवले. सुरुवातीला मात्र त्याची बॅट इतकी लंगडी होती की प्रशिक्षक कात्सुया नोमुरा त्याला ‘स्वसंरक्षण दल’ म्हणत, कारण जपानच्या सैन्यासारखा तोही फक्त बचाव करी. तुला नायक होता येणार नाही, तर अव्वल दर्जाचा सहायक नट हो, ही शिकवणही नोमुरांचीच.

इथवर ठीक चालले होते. मग ‘गिदा’ आला. पहिल्या बेसवर साथीदार उभा असताना फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हलकेच पुढ्यात टाकतो, स्वतः बाद होतो आणि तेवढ्यात साथीदार दुसरा बेस गाठतो. मियामोतोने २००१ च्या एका मोसमात असे ६७ वेळा केले, तो विक्रम ठरला. कारकिर्दीत ४०८ वेळा. ‘गि’ या अक्षराच्या डाव्या अंगाला बैल आहे, यज्ञात द्यायचा. वहीत तो बैल दिसताच मी बोलून गेले, “बळीचा फटका.”

लाइनवरच्या कंत्राटी मुलांना कमी करणार, अशी कुजबुज तेव्हा चालू होती. ते मला कोणी सांगितले नव्हते. मागून आवाज आला, “मॅडम, बळी कुणाचा द्यायचाय, तेबी विचारा.” हशा पिकला, पण तो चांगला नव्हता. सेट झालेल्या फलंदाजासाठी दुसऱ्याने स्वतः धावबाद व्हावे, तसे, असे सांगून मी सावरू पाहिले.

साहेबांना वाटले, लोक रंगले आहेत. त्यांनी उत्साहाने भर घातली, की गिदा फलंदाजीच्या सरासरीत धरत नाहीत, त्यामुळे ती घसरत नाही, आणि त्याचा वेगळा रकाना असतो. याच मियामोतोने ४ मे २०१२ रोजी, एकेचाळीसाव्या वर्षी, दोन हजारावा हिटही, म्हणजे फलंदाजाला स्वतःला सुखरूप बेसवर पोचवणारा फटका, मारला.

पहिल्या रांगेतले एक वयस्क फिटर उभे राहिले. “म्हणजे त्याच्या नावावर लिहून ठेवतात. आमचं कुठं लिहितात?”

एचआरचे साहेब माझ्याकडे पाहून नुसती मान हलवत होते. मी प्रश्न जपानीत नेला, पण ‘आमचं’ गाळून: असे काम कुठे नोंदवले जाते? जपानीत तेवढे गाळले तरी वाक्य चुकत नाही. साहेबांना तो पुन्हा बेसबॉलचाच प्रश्न वाटला आणि धावफलक कसा लिहितात ते त्यांनी पाच मिनिटे समजावले. मी ते सगळे भाषांतर केले. फिटर शेवटपर्यंत उभेच होते.