उजव्या कानाच्या वरची जागा

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटपट्टी लावून लिहितेय, त्यामुळे आज अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बोटांना लागलेलं काहीच नाही. पट्टी असली की केसाचा पोत कळत नाही, आणि पोत कळला नाही की बहुतेक वेळा शोध तिथेच थांबतो.

हा शोध काय असतो, हे ज्याचा हात कधी असा डोक्यात अडकला नाही त्याला सांगणं अवघड. वाचताना कोपर टेबलावर टेकतं, बोटं कानाच्या वर जातात आणि मऊ केसांतून एखादा जाड, खरखरीत, जरा वाकडा केस हुडकतात. तो सापडला की बाकीचं सगळं बंद. उपटल्यावर कधीकधी मुळाशी पांढरट, ओलसर गाठ येते. ती मी ओठांवरून फिरवते. लिहिलं एकदाचं. क्षणभर बरं वाटतं, की बोटं पुढच्या केसावर. भानावर येते तेव्हा पुस्तकावर पंधरा-वीस केस पडलेले असतात आणि पान मात्र उलटलेलं नसतं.

सुरुवात बाराव्या वर्षी झाली. पुष्कळांची याच वयाच्या आसपास होते म्हणे. आईला वाटलं, चाई पडली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि मी ते महिनोन् महिने मुकाट लावून घेतलं. चाई असती तर त्यात माझा काही दोष नव्हता ना! त्या मलमाचा वास मला आजही आठवतो आणि आईची बोटंही, अगदी हळू फिरणारी.

या प्रकाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. अलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1889 साली हे नाव दिलं. नावाच्या शेवटी ‘मेनिया’ आहे, त्याचा मला राग येतो. वेड लागलेलं माणूस इतक्या शिताफीने भांग पाडून टक्कल झाकेल का? 2013 पासून मानसोपचाराच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत हा विकार ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, गटात आहे. ओसीडीतलं माणूस अनेकदा भीतीपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करतं. माझी बोटं भीतीपोटी जात नाहीत, त्यांना हवं असतं म्हणून जातात. ‘मग नको ना ओढूस’ म्हणणाऱ्यांना हे कसं समजावायचं, ते अजून जमलेलं नाही.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘उपटलेला केस गिळतेस का?’ नाही म्हटलं. गिळलेले केस पचत नाहीत; पोटात त्यांचा गोळा झाला तर कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. मग त्यांनी ही वही सुरू करायला लावली आणि न उपटलेल्या दिवसांची मोजदाद बंद केली. ते बरंच झालं. एकोणीस दिवस कोरे गेले की विसाव्या दिवशी एका केसाने सगळं मोडायचं, आणि मोडलंच आहे तर म्हणून मी तासभर उपटत बसायची.

वहीमुळे कळलं की माझं उपटणं दोन तऱ्हांचं आहे. एक वाचताना, बेसावधपणी. त्यावर पट्टी चालते आणि मूठही: हात वर निघालाय असं कळलं की मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची. सवय उलटवण्याची ही पद्धत 1973 सालची. इतकी साधी की मला आधी हसूच आलं होतं. दुसरी तऱ्हा आरशापुढची, मन बिथरलेलं असताना, पूर्ण शुद्धीत. तिथे मुठीची आठवण असते, आवळायचीच नसते. म्हणून चिमटा बहिणीकडे देऊन टाकलाय आणि न्हाणीघरात मंद दिवा लावलाय.

कानाच्या वर आता नवे केस आलेत. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे हे दोनेक आठवड्यांचे असावेत. ताठ, आखूड, टोचणारे. नेमके माझ्या बोटांना हवे तसले. बरं होतानाच मोह सगळ्यात जास्त, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आजची नोंद: पावणेनऊ, आरसा, ऑफिसातल्या फोननंतर. सात केस. पट्टी त्यानंतर लावली.