माळाची नोंद: गिरिपुष्प गेलं, त्याचं खत मागे राहिलं

खालच्या चौकोनात पवना आला!

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्यात त्यांना याचा अर्थ कळेल. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या माळावर आम्ही देशी गवतं परत आणतोय, आणि हा त्याचा सगळ्यात हट्टी तुकडा. इथे लावलेलं गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) काढून काही पावसाळे झाले, पण दर वर्षी मृगात तिथे गाजरगवत, कॉसमॉस आणि रानतुळस यांचंच रान माजायचं. यंदा श्रावण संपता संपता पेरलेल्या चार पट्ट्यांपैकी दोनमध्ये पवना आणि कुसळी ही देशी गवतं गुडघ्याएवढी झालीयत. त्याच पट्ट्यांतलं गाजरगवत वीतभर उंचीवर पिवळं पडून अडकलंय. म्हणून ही नोंद लगेच लिहायला घेतली.

वरच्या टप्प्याला हा त्रास कधीच झाला नाही. तिथेही झाडं लावायला खड्डे मारले होते, पण मुरूम इतका उथळ की रोपं धरलीच नाहीत. चराई काही काळ थांबवली, फाल्गुनातला वणवा अडवला, खड्ड्यांतून काढलेले दगड परत पसरले. बास. डोंगरी गवत, कुसळी, तरवड, हेकळ आपल्या आपण परत आले. बोरी आणि हिवर विरळ होते तसे ठेवले. माळ म्हणजे झाड नसलेली जागा नव्हे, झाडं लांब लांब असलेली जागा.

खालच्या चौकोनात मात्र गिरिपुष्प चांगलं जगलं होतं, आणि घोटाळा तिथेच आहे. हे झाड मूळ मध्य अमेरिकेतलं. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन पकडतं, आणि हिवाळ्यात सगळा पाला खाली टाकतं. त्याच्या कोरड्या पाल्यात ३ टक्क्यांच्या वर नायट्रोजन असतो. भातशेतीत हिरवळीचं खत म्हणून ते मोलाचं, त्याबद्दल वादच नाही. पण माळाची माती मुळात उपाशी असते, आणि आपली गवतं त्या उपासमारीला सरावलेली असतात. तिथे वर्षानुवर्षं हे खत पडत राहिलं. झाड तोडलं, बुंधे खणले, फुटवे मोडत राहिलो, तरी मातीतला नायट्रोजन काही बुंध्याबरोबर निघत नाही. मग ज्याला खत मानवतं तो पहिला धावतो. गाजरगवत वळवाच्या एका सरीवर उगवतं, महिन्या-दीड महिन्यात फुलावर येतं आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पवना तोवर दोन पानांवर असतो. सावली पडली की संपला.

गाजरगवत खाणाऱ्या भुंग्यांचं काय, असं मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. १९८०च्या दशकात मेक्सिकोतून आणून सोडलेला झायगोग्रामा भुंगा आमच्याकडे आहे, पानांची चाळणही करतो. पण त्याची संख्या वाढेपर्यंत पहिली फुलं येऊन गेलेली असतात. रस्त्याकडेला तो उपयोगी आहे. नवीन पेरलेल्या गवताला त्याची मदत उशिरा पोचते.

मातीतला हा नायट्रोजन बांधून ठेवायला पाचट, म्हणजे उसाचा सुका पाला, वापरायची कल्पना सुचली ती ऊसवाल्यांमुळे. आपल्याकडे खोडव्यात पाचट कुजवताना वरून युरिया टाकायला सांगतात. का? तर सुक्या पाचटात कार्बन ४० टक्क्यांच्या वर आणि नायट्रोजन जेमतेम ०.५ टक्का. तो कार्बन खायला मातीतले जिवाणू वाढतात, त्यांना नायट्रोजन लागतो, आणि ते तो मातीतूनच ओढून घेतात. उसाला तेवढ्या दिवसांपुरता तुटवडा पडतो, म्हणून युरिया. मला नेमका तो तुटवडाच हवा होता! म्हणून पाचट घालायचं आणि युरिया द्यायचाच नाही. लाकडाचा भुसा किंवा साखर मिसळून नायट्रोजन बांधून ठेवायचा हा उपाय परदेशातल्या गवताळ रानांवर करून पाहिलेला आहे. कोल्हापुरात पाचटाला काय तोटा? शेजारी ते पेटवणारच होते.

तर चार पट्ट्या पाडल्या. पहिली नुसती, काही न घालता. दुसरीत पाचट वर पसरलं. तिसरीत कडबाकुट्टीतून बारीक केलेलं पाचट वरच्या चार बोटं मातीत मिसळलं. चौथीत वखारीतला भुसा तसाच मिसळला. चारही ठिकाणी आधी वळवावर गाजरगवत मुद्दाम उगवू दिलं आणि दोन-चार पानांवर असताना खुरप्यानं खरवडून काढलं, म्हणजे वरच्या थरातल्या बियांचा मोठा साठा आधीच खर्ची पडला. मृगात पेरणी.

पहिल्या पट्टीत नेहमीचं रान माजलं. दुसरीत काहीच धड आलं नाही. पाचटाच्या थराखाली गाजरगवत दबलं, तसा पवनाही दबला, म्हणून आच्छादन हा इथे उपाय नाही असं माझं मत झालंय. तिसरीत आणि चौथीत सुरुवातीला सगळंच पिवळं दिसत होतं, मला धाकधूक झाली. पण आर्द्रा सरल्यावर फरक कळू लागला. गाजरगवत थांबलं, आणि कुसळी तिच्या चालीनं वाढत राहिली. रोज जाऊन बघावंसं वाटायचं.

आणि मग तिसऱ्या पट्टीत वाळवी शिरली. उघडिपीच्या आठवड्यात मातीचे बोगदे सगळीकडे, बारीक पाचट भराभर गायब. वाळवी माळावर असायलाच हवी. तितर, चंडोल, सरडे तिच्यावर जगतात, तिच्या बोगद्यांतून पाणी खाली मुरतं. पण जिवाणूंसाठी ठेवलेला कार्बन ती वारुळात घेऊन गेली, आणि पट्टीच्या त्या टोकाला कॉसमॉसनं लगेच डोकं वर काढलं. भुशाच्या पट्टीला तिनं फारसं तोंड लावलं नाही. भुसा सागाचा होता, त्यामुळे असेल. सागाला वाळवी कमी लागते हे सुताराला विचारा.

मग आता सगळीकडे सागाचा भुसा? तेवढा भुसा वखारीत मिळत नाही, आणि परक्या लाकडाचा भुसा गाड्या भरभरून माळावर ओतणं मला पटतही नाही. दुसरा मार्ग गुळाचा. साखरेत नायट्रोजन नाहीच, जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, परिणाम लगेच दिसतो पण काही आठवडेच टिकतो. गाजरगवताची पहिली लाट अडवायला तेवढे आठवडे पुरतात. पावसाळ्यात पाघळलेला गूळ मार्केट यार्डात स्वस्तात मिळतो. पुढच्या मृगाला एका पट्टीवर चौरस मीटरला अर्धा किलो, पाण्यात कालवून, असं ठरवलंय. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) मात्र कुणी वापरू नका. ती खत आहे, नायट्रोजन आणि स्फुरद दोन्ही घेऊन येते. आपल्याला उलटं हवंय.

हे सगळं लिहून ठेवलं होतं, आणि परवा मेंढरं घेऊन जाणारे धनगर मामा बांधावर टेकले. पट्टणकोडोलीच्या यात्रेचं बोलता बोलता मी त्यांना चौकोनाचं रडगाणं सांगितलं, की माती फार माजलीय, तिचा कस कमी करायचाय. ते म्हणाले, "मग मेंढरं चरू द्या की, ताई. दिवसा हितं खात्यात, रातच्याला म्होरल्या पड रानात बसवतोय आमी. लेंड्या, मूत सगळं तिकडंच पडतंय. शेतकरी त्येचं पैसं देतोय."

मी वही बंद केली.

दिवसा माळावर चरायचं आणि रात्री शेतात बसायचं, म्हणजे माळाचा नायट्रोजन रोज चार पायांवर शेताकडे चालत जातो! शेकडो वर्षं आपले माळ असेच उपाशी राहिले असणार, आणि शेतं पोसली गेली असणार. मी विळ्यानं कापून, भारे बांधून, बाहेर नेऊन जे करते तेच हे, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी. शिवाय कळपातल्या शेळ्या सवय झाली की गिरिपुष्पाचे फुटवे ओरबाडतात, म्हणजे तेही काम झालं.

चरणारा प्राणी या माळाला नवा नाहीच. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरायची शिकार चालायची, हे आपल्याला माहीत आहे. चित्ता मोकळ्या रानात धावून शिकार करतो, आणि काळवीट गवतावर जगतं. म्हणजे आजच्या नकाशात 'पडीक' म्हणून दाखवलेल्या या जमिनी तेव्हा गवताच्या, कळपांच्या होत्या. काळवीट मी परत आणू शकत नाही. त्याची जागा काही अंशी मेंढरू घेऊ शकतं, आणि तो कळप माझ्या बांधावरून रोज जातोय. रीवाइल्डिंगवरच्या, म्हणजे रान पुन्हा मूळ रूपात आणण्यावरच्या चर्चांत मोठे चरणारे प्राणी परत आणण्यावर एवढा भर का असतो, ते मला इथे मामांच्या एका वाक्यानं उमगलं.

त्यामुळे बेत बदलला. मोठ्या प्रमाणावर भुसा-पाचट रद्द. गूळ फक्त पेरणीच्या पट्ट्यांपुरता. चौकोनाच्या न पेरलेल्या अर्ध्या भागात याच भाद्रपदापासून मेंढरं, थोडा वेळ, मग विश्रांती. गाजरगवताला मेंढरू तोंड लावत नाही, ते फुलाआधी हातानं उपटून माळाबाहेर कुजवायचं. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. ब्रश कटर या कामाला आणू नका. तो बुडखा ठेवतो, बुडख्यातून पुन्हा फुटतं, आणि चुरा नाकातोंडात जातो. पेरलेल्या पट्ट्यांत वर्षभर कळप नाही. मामांना विचारलं, ऑक्टोबरातही याल का? तर म्हणाले, "कुसळ धरल्यावर कोण आणतंय? लोकरीत शिरतंय, कातड्यात रुततंय." म्हणजे चराईचा हंगाम कुसळीनंच ठरवून दिलाय.

बियांबद्दल. 'देशी गवत मिश्रण' म्हणून एका पुरवठादाराकडून मागवलेल्या पिशवीतून निम्मं स्टायलो उगवलं. चारा म्हणून ते उत्तम, पण तेही शेंगवर्गीय, म्हणजे पुन्हा नायट्रोजन. उपटून टाकलं. आता बी फक्त रामलिंगाच्या डोंगराकडच्या न खोदलेल्या उतारावरून, मालकाला विचारून, तेही मूठ-मूठ, ठिकठिकाणाहून. ताजं कुसळीचं बी लगेच पेरू नका, ते काही महिने झोपलेलं असतं. मार्गशीर्षात गोळा करून मृगात पेरलं की बरोबर जमतं. आणि कृपा करून कुसळीचे बीजगोळे करू नका. तिच्या बियाला पीळदार शेपूट असते, ओल लागली की उलगडते, वाळली की पिळते, आणि बी स्वतःला मातीत शिरवतं. वणवा वरून गेला तरी आत सुरक्षित. मातीच्या गोळ्यात कोंबलं की ही सोयच बंद पडते.

दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार पाडले. आपलं दख्खन त्यात सेहिमा-डायकँथियम, म्हणजे पवना आणि मारवेल. पवना आला. मारवेल बाकी आहे.

वरच्या टप्प्याची खुशखबर थोडक्यात. उन्हाळ्यात माळटिटवीनं परत पसरलेल्या दगडांतच अंडी घातली, पिल्लंही निघाली. त्याच दगडांवर चढून सरड्यानं गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दाखवला. खड्डे मारून दगड बांधावर नेले होते तेव्हा यांतलं एकही दिसत नव्हतं. संध्याकाळी रातवाही ओरडतोय. गावातून "हिरवं रान काढून माळ कशाला करताय?" असं विचारणाऱ्यांना आता मी वाद न घालता टिटवीची पिल्लं दाखवते.

पुढचं काम ठरलंय. मेंढरांच्या आणि बिनमेंढरांच्या भागात एक मीटरची चौकट टाकून गवतं मोजायची, आणि दोन्हीकडची माती तपासायला द्यायची. कुणी आधी मेंढरं फिरवून असं मोजलं असेल तर किती दिवसांनी परत आणलीत ते सांगा. मारवेलचं बी विकत घेणार नाही. काळ्या रानाच्या बांधावर ते अजून टिकून आहे, ज्यांच्या बांधावर असेल त्यांनी कळवा, बदल्यात पवन्याचं बी देईन. माळ बघायला येणाऱ्यांनी बूट आणि पिशव्या घरीच झाडून याव्यात, कॉसमॉसचं बी त्यांतूनच फिरतं.