मान वर न करणारं मूल

थंडी पडली की आमचा बालरुग्णांचा आयसीयू सर्दी-खोकल्याने भरतो. त्यात एखादं मूल असं येतं, की दारातून पाहताच मी ऑक्सिजन आणि लाळ खेचणारं सक्शन यंत्र जवळ ओढून घेते.

मागच्या हिवाळ्यात निफाडकडून आलेला मुलगा तसाच होता. वय दोन-सव्वादोन. अंगात ताप, "सिस्टर, घोटभर पाणीही गिळत नाही हो," म्हणणारी आई, आणि लाळेने भिजलेला तिचा खांदा. मी त्याच्या डोक्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजवला. डोळे वर गेले, हनुवटी जागची हलली नाही.

याला घशामागचं गळू म्हणतात. लहान मुलांच्या घशामागे, मणक्याच्या पुढे, लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या बारीक गाठी असतात. पाचेक वर्षांनंतर त्या आक्रसत जातात, म्हणून हे दुखणं मुख्यतः लहानग्यांचं. सर्दीचा किंवा टॉन्सिलचा संसर्ग तिथे पोचला की गाठ सुजते, कधी तिचा पू होतो. तो श्वासाची वाट दाबतो. खाली उतरला तर छातीत जातो, फुटला तर थेट फुफ्फुसात. शेजारून मानेची मोठी शीर जाते, तिच्यात गुठळी होण्याचीही भीती.

म्हणून हात जोडून सांगते, अशा मुलाच्या तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. पडजीभ उचलून घ्यायला तर मुळीच नेऊ नका.

त्याला आम्ही आईच्या मांडीवरच बसवून ठेवलं. आडवं केलं की श्वास आणखी कोंडतो, त्यामुळे सीटी स्कॅनलाही भूलतज्ज्ञ सोबत. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. गाठ छोटी असेल आणि श्वास मोकळा असेल, तर एक-दोन दिवस फक्त औषधं देऊन मुलावर बारीक लक्ष ठेवता येतं. बरीच मुलं तेवढ्यावर बरी होतात. याच्या श्वासाला मात्र घरघर होती, स्कॅनमध्ये पूही दिसला. त्याच रात्री भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, कान-नाक-घसा सर्जननी तोंडातूनच पू काढला.

नंतर नळी तशीच ठेवली, आणि वडील भिंतीला टेकून खालीच बसले. व्हेंटिलेटर म्हणजे सगळं संपलं, असं आपल्याकडे घट्ट बसलंय. त्यात नळी ओढू नये म्हणून मऊ पट्टीने बांधलेले ते इवलेसे हात! मी त्यांना आत नेलं. म्हटलं, "दादा, पू निघालाय, सूज अजून आहे. ती उतरेपर्यंत नळीने वाट उघडी ठेवलीय. पायाला हात लावा, बोला त्याच्याशी." दोन दिवसांनी नळी निघाली.

सिन्नर, दिंडोरी, कुठूनही निघताना लाळ गळत असेल, मान आखडली असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर 108 ला ते स्पष्ट सांगा. मूल बसतं ठेवा. वाटेत दूध-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. आणि आधीच्या औषधांची चिठ्ठी बरोबर आणा.