कुडाळकडची अळंबी: कुठे शोधायची आणि कुणाबरोबर

कोकणात रानातली अळंबी शोधायला जाणार असाल तर जागेचा पत्ता विचारत फिरू नका, कोणी सांगत नाही. माणगाव खोऱ्यात ज्या काकींकडे आम्ही उतरलो होतो, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "अळमी खंय गावतत ता बापूस झिलाक पण सांगणा नाय." म्हणजे अळंबी कुठे मिळते ते बाप मुलालाही सांगत नाही. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याच आम्हाला घेऊन निघाल्या. अर्थात स्वतःच्या राखीव जागा सोडून!

दिवस जुलैचे. दोन-तीन दिवस पाऊस झोडपून गेलेला आणि मग मध्येच उघडीप, हवेत उकाडा. अळंबीला असंच हवामान लागतं. त्यामुळे महिनाभर आधी तारीख ठरवून येण्यापेक्षा गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा आणि मगच निघा. हंगाम साधारण जूनअखेरीपासून श्रावणापर्यंत. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू धावते, म्हणून मुंबईहून रात्रीची गाडी पकडून सकाळी कुडाळला उतरणं सोयीचं. पुढे एसटी किंवा रिक्षा.

शहरातले लोक कुजलेली लाकडं धुंडाळत बसतात. इथे शोधायची ती वारुळं. ज्या अळंबीसाठी सिंधुदुर्ग आणि गोवा वेडा होतो ती टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीच्या गटातली, म्हणजे वाळवीच्या घरातली. वाळवी वारुळात पालापाचोळा, लाकूड चावून त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. पाऊस मुरला की बुरशी वर छत्र्या काढते. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून धिंगरीसारखी हिची शेती होत नाही. वारूळ वर दिसलंच पाहिजे असंही नाही. काकींनी थांबवलं ती जागा काजूच्या बागेतली, बांधाला लागून, अगदी सपाट होती. पाचोळा बाजूला केला तर लाल मातीतून राखाडी टोकं वर आलेली, पेन्सिलीच्या टोकाएवढी अणकुचीदार. काकींनी बांबूच्या काटकीने बाजूची माती सैल केली आणि देठ धरून हळूच ओढला. वर बोटभर, आणि मातीखाली त्याहून कितीतरी लांब मूळ. ते थेट वाळवीच्या घरापर्यंत जातं.

म्हणूनच कुदळ, खुरपं नेऊ नका. घर फुटलं की तिथली अळंबी संपली. शाबूत राहिलं तर वर्षानुवर्षं तिथेच उगवते. काकी पूर्ण उमललेल्या छत्र्या तशाच ठेवतात. हल्ली प्लॉट पाडायला किंवा कलमं लावायला जेसीबी फिरतो तेव्हा अशी घरं एका सकाळीत जातात, आणि मग हेच लोक 'पूर्वी किती मिळायची' म्हणून हळहळतात.

कुणाच्या बागेत शिरण्याआधी विचारा. अभयारण्यात काहीही तोडायला कायद्याने बंदी आहे. देवराईत तर काकी चप्पल काढून हात जोडतात आणि पुढे जातात, तिथल्या अळंबीला हात लावत नाहीत. या भागात सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते, तेव्हा वाद घालू नये.

आता महत्त्वाचं. माझं वर्णन वाचून किंवा फोनवरच्या ॲपवर फोटो टाकून ओळख पटवू नका. गावच्या जाणत्या माणसाने हातात घेऊन 'ही खायची' म्हटलं तरच टोपलीत. लसूण काळी पडते, चांदीचं नाणं काळवंडतं, किड्याने खाल्लेली चालते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. हिरवळीवर येणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री दिसायला देखणी असते, पण खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. देठाच्या तळाशी पिशवी असलेल्या काही जाती त्याहून वाईट: त्रास सहा तास किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मध्ये बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. शंका आली तर उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट मोठं इस्पितळ गाठा, 'बघू सकाळी' म्हणू नका.

पायात गमबूट हवेत. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फुरसं असतं आणि ते पाचोळ्यात दिसत नाही. आंबोलीच्या बाजूला गेलात तर जळवाही.

आपल्याला सापडली नाही तर बाजार आहेच. मोसमात कुडाळ, सावंतवाडीला बायका पानांवर वाटे लावून बसतात. लवकर जा, नऊनंतर उरतात ती भिजून काळी पडलेली. किंमत ऐकून दचकाल, पण घासाघीस फार करू नका, पहाटेची पायपीट त्यांची आहे. कापडी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये दुपारपर्यंत चिकट होते. त्याच दिवशी माती खरवडून धुवा आणि नीट शिजवा. कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला, दोन सोलं (आमसुलं), बस. आलं-लसणाचा मारा केलात तर अळंबीची चव हरवते. श्रावण पाळणाऱ्या घरांत हिच्यावर दोन मतं आहेत. काकींकडे चालते, त्यांच्या जावेकडे अळंबीचं भांडंसुद्धा वेगळं असतं.