सरांचे श्वाइट्झर

आफ्रिकेत दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि ऑर्गनवादक अल्बर्ट श्वाइट्झर यांचं नाव मी पहिल्यांदा आपल्या शाळेत ऐकलं, तेही संगीताच्या सरांच्या तोंडून. कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला सर आमच्या वर्गावर यायचे आणि मागच्या वेळी जिथे थांबले होते तिथून श्वाइट्झर पुढे सुरू व्हायचे. मी पुढे डॉक्टर झालो आणि पेटीही सुटली नाही, याचं मूळ त्या तासांत आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

श्वाइट्झर १८७५ साली अल्सासमध्ये जन्मले. तो मुलूख तेव्हा जर्मनीत होता, आज फ्रान्समध्ये आहे. वडील पाद्री, पियानोचे पहिले धडे त्यांचेच. नवव्या वर्षी हा मुलगा गुन्सबाख गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाच्या गैरहजेरीत त्याच्या जागी बसू लागला होता. पुढे पॅरिसला नामवंत ऑर्गनवादक विदोर यांच्याकडे तालीम झाली. जुना जर्मन संगीतकार बाख याच्या काही रचना अशा का चालतात, हे खुद्द विदोरना उलगडत नव्हतं. शिष्य म्हणाला, ज्या जुन्या भक्तिगीतांवर त्या बांधल्या आहेत त्यांचे शब्द वाचा. त्या चर्चेतूनच १९०५ साली त्यांचा बाखवरचा ग्रंथ आला. सर इथवर आले की तुकोबांचा एखादा अभंग आधी नुसता वाचायचे, मग गायचे. निरूपण काही करायचे नाहीत.

ऑर्गन म्हटल्यावर आमच्यापुढे यायची ती संगीत नाटकातली पायपेटी. शाळेच्या सभागृहात एक होतीही. सरांनी फळ्यावर आकृती काढून फरक दाखवला: पायपेटीत पाय नुसता भाता चालवतात, चर्चमधल्या ऑर्गनला मात्र पायांसाठी पट्ट्यांची वेगळी ओळ असते. खर्जातले सूर पायांनी वाजवायचे, वर दोन्ही हातांचं काम वेगळंच चाललेलं. पुढची गोष्ट कळायला ही आकृती लागणार होती.

तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला, त्यानंतर थेट माणसांची सेवा, असं श्वाइट्झरनी एकविसाव्या वर्षीच ठरवलं होतं. १९०५ मध्ये, ज्या विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकवत होते त्याच स्ट्रासबुर्गला, ते वैद्यकीचे विद्यार्थी झाले. विदोर रागावले. सेनापतीनं बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत उभं राहावं, तसं हे झालं म्हणाले. १९१३ साली परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या पत्नी हेलेनसह ते आफ्रिकेत, आजच्या गॅबॉनमधल्या लांबारेने इथे, ओगोवे नदीकाठी पोहोचले. पहिला दवाखाना एका जुन्या खुराड्यात थाटला. दुभाषी जोसेफ पूर्वी स्वयंपाकी होता, त्यामुळे रोग्याची दुखरी जागा तो खाटकाच्या दुकानातल्या नावांनी सांगे. या गोष्टीवर आमचा वर्ग फार हसायचा आणि सर हसू द्यायचे.

मलेरिया, हगवण, निद्रारोग, महारोग आणि अडकलेला हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतून बाहेर येऊन अडकलेलं आतडं. या शेवटच्याविषयी श्वाइट्झरनी जे लिहिलं आहे, त्याचा अर्थ मला ग्रामीण रुग्णालयात पहिली नोकरी करताना कळला. वेळेत पोट उघडलं तर माणूस चालत घरी जातो. नाहीतर धडधाकट तरुण तडफडून मरतो, आणि बाजूला उभ्या माणसांना ते फक्त बघावं लागतं. त्या नदीकाठी १९१३ पूर्वी ते फक्त बघितलंच जात होतं.

श्वाइट्झरनी संगीताचा त्याग केला, असं भाषणांमध्ये अजूनही सांगतात. सरांना ते अजिबात खपत नसे. "सोडलं कुठे रे? त्यावरच तर दवाखाना उभा राहिला!" ते खरंच आहे. पहिला खर्च निघाला तो कार्यक्रमांतून, बाखच्या ग्रंथाच्या मिळकतीतून आणि मित्रांच्या देणग्यांतून. पॅरिसच्या बाख संस्थेनं त्यांना दमट हवेत टिकेल असा, ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेला पियानो दिला होता. तो होडीतून नदीनं आला आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री जंगलात बाख वाजू लागला.

मग पहिलं महायुद्ध. वसाहत फ्रेंचांची, श्वाइट्झर जर्मन नागरिक. १९१७ मध्ये दोघांना फ्रान्समध्ये आणून छावणीत ठेवलं. तिथे वाद्य कुठलं? श्वाइट्झर टेबलाच्या फळीवर बोटं आणि जमिनीवर पाय चालवून रियाज करायचे. सर हे नुसतं सांगून थांबले नाहीत. खुर्ची ओढून टेबलाशी बसले, चपला काढल्या आणि डोळे मिटून हातपाय चालवायला लागले. आवाज फक्त लाकडावरच्या नखांचा. आमचा वर्ग गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध नव्हता, पण त्या वेळी कुणी हललं नाही. वैद्यकीच्या परीक्षांच्या दिवसांत, वसतिगृहात पेटी नसताना, मी अभ्यासाच्या टेबलावर यमनचे पलटे वाजवत असे, ते तिथूनच आलं.

युद्धानंतर अंगावर कर्ज होतं. १९२० मध्ये स्वीडनमध्ये व्याख्यानं आणि ऑर्गनचे कार्यक्रम करून त्यांनी ते फेडायला घेतलं, आणि १९२४ ला पुन्हा लांबारेने गाठलं. रोग्याबरोबर नातेवाईक यायचे, आवारातच चूल मांडून रांधायचे. श्वाइट्झरनी ते चालू दिलं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्याचं आवार पाहिलेल्याला यातलं शहाणपण लगेच समजेल. १९५२ चं शांततेचं नोबेल मिळालं, त्या पैशांतून महारोग्यांची वसाहत बांधली. १९६५ साली लांबारेनेलाच ते गेले.

मोठेपणी वाचताना मला त्यांचं एक वाक्य खटकलं. आफ्रिकी माणसाला ते भाऊ म्हणतात, पण स्वतःकडे थोरलेपण ठेवून. वसाहतींच्या काळातली ही नजर होती आणि तिच्यावर झालेली टीका मला योग्य वाटते. तरीही ते दवाखान्यातून हलले नाहीत, हेही तितकंच खरं. सर असते तर या दोन्ही गोष्टींवर त्यांच्याशी बोलता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

सभागृहातली पायपेटी अजून आहे. भाता फाटलाय, काही सूर बसलेत. दुरुस्तीचा सगळा खर्च मी देतो, कारागीरही शोधून ठेवला आहे. संस्थेला माझी विनंती इतकीच, की संगीताचा तास वेळापत्रकात पुन्हा घालावा आणि तो शिकवायला पूर्णवेळ शिक्षक नेमावा.