गॅरेज आणि १९११

आज सगळा रविवार गॅरेजमध्ये गेला. डॅलसमध्ये एवढी वर्षं काढूनही बायकोला पटत नाही की पिस्तूल हा छंद असू शकतो. तिचंही बरोबरच आहे म्हणा, पुण्यात आमची मजल दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपर्यंतच!

माझं पिस्तूल १९११ पद्धतीचं, त्यातलं सगळ्यात साधं. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. त्यामुळे सुटे भाग ढिगानं मिळतात. पण पाकिटावर ‘ड्रॉप-इन’ (म्हणजे घासाघीस न करता थेट बसणारं) लिहिलेलं सगळं निमूट बसतं, या भ्रमात राहू नका.

गोळ्यांचं मॅगझिन काढलं, चेंबर (नळीच्या मागची गोळीची जागा) रिकामं असल्याचं बघितलं, पुन्हा बघितलं. गोळ्या वर घरात. ग्रिप्स, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, बदलणं सोपं, चार स्क्रू. काळं प्लास्टिक गेलं, अक्रोडाचं लाकूड आलं आणि हत्याराला एकदम रुबाब आला. खरी मजा रिकॉइल स्प्रिंगची, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड (वरचा सरकता भाग) पुढे आणणाऱ्या स्प्रिंगची. बुशिंग (नळीच्या तोंडाशी असलेली कडी) फिरवताना स्प्रिंगच्या टोकावरचा प्लग अंगठ्यानं दाबून धरावा लागतो, नाहीतर तो सुटून थेट छताला. चष्मा घालाच. स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारी खिट्टी) परत बसवताना फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, जो अर्धगोल ओरखडा उठतो त्याला इथे ‘इडियट स्क्रॅच’ म्हणतात. मी आधीच तिथे टेप चिकटवली होती.

ट्रिगर, सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत घाव रोखून धरणारा भाग) वगैरेंना हात लावला नाही. ते काम बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथचं, हौशी माणसाचं नव्हे.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातोय. इथलं कुणी येणार असेल तर कळवा, कानाचे मफ्स जास्तीचे आहेत.