आर्मादोर आणि आमचं बुडालेलं गलबत

गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की खापरपणजोबा जहाजमालक होते. ते आता मागे घेतो. आमची गलबतं कधीच नव्हती. आमच्याकडे होत्या त्या टाचण्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. आमचं घर वसईचं, पण वडिलांकडचं मूळ गोव्यात, बारदेशात. खापरपणजोबा 1870 नंतर कधीतरी वसईला आले आणि इथेच लग्न करून राहिले. तेव्हा वसईच्या बऱ्याचशा चर्चचा कारभार पाद्रुआदोखाली, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक अधिकाराखाली होता. धर्मगुरू गोव्याहून यायचे आणि नोंदवह्या पोर्तुगीजमध्ये लिहायचे. मुलूख इंग्रजांचा आणि वही पोर्तुगीजांची, असा तो मामला. 1886 मध्ये दमण हा वेगळा धर्मप्रांत झाला, पोर्तुगाल आणि पोप यांच्यातल्या 1928 च्या करारात तो गेला. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, वह्यांची भाषा त्या सुमारास बदललेली दिसते. धर्मग्रामाचं नाव मुद्दाम देत नाही. फादरांनी वह्या विश्वासाने हातात दिल्यात, उद्या त्यांच्या दारात रांग नको.

तर खापरपणजोबांची मयत नोंद मला दोन वर्षांपूर्वी सापडली. नावापुढे व्यवसाय लिहिलेला: आर्मादोर. शब्दकोश उघडला. पहिलाच अर्थ जहाज सज्ज करणारा, जहाजाचा मालक. घरात लहानपणापासून ऐकलेलं, "आपली गलबतं होती." झालं! दोन वर्षं मी अर्नाळा, दातिवरे, वसई बंदर इथल्या जुन्या गलबतांच्या मागे फिरलो. चुलतभावाने तर कुटुंबमेळाव्याच्या फ्लेक्सवर वंशवृक्षाच्या बुंध्याशी शिडाचं गलबत छापून घेतलं. तो फ्लेक्स आता त्याच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर घातलेला असतो.

दुसरी चूक तारखेची होती आणि ती सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो. मयतीचा महिना लिहिलेला '7ब्रो', साल 1903. मी सात म्हणजे जुलै धरला. मग त्याच वर्षीच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वहीत ऑगस्टमधल्या एका बाळाचे धर्मपिता म्हणून हेच गृहस्थ उभे! जुलैत गेलेला माणूस ऑगस्टमध्ये बाळ हातात घेऊन उभा. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल म्हणून मी एक अख्खी नवी शाखा वंशवृक्षाला चिकटवली आणि तिचे वारस शोधत बसलो. खरं म्हणजे 7ब्रो हे सेतेंब्रोचं लघुरूप. सेते म्हणजे सात. जुन्या रोमन पंचांगात सप्टेंबर सातवा महिना होता, ती आठवण आकड्यात उरली. तसंच 8ब्रो ऑक्टोबर, 9ब्रो नोव्हेंबर आणि रोमन दहाचा X काढून पुढे ब्रो लिहिलं तर डिसेंबर. जुन्या पोर्तुगीज वहीत आकडा आणि ब्रो दिसलं की महिन्यात दोन मिळवा. माझी ती नवी शाखा एका मिनिटात गळून पडली.

आर्मादोरचं कोडं मात्र वहीने नाही, माहीमच्या आत्याने सोडवलं. आत्या म्हणजे वडिलांची आतेबहीण, नव्वदीला टेकलेली, गोव्यात वाढलेली. मी गलबतांची कहाणी रंगवून सांगत होतो. ती हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, "तारवां खंयचीं रे बाबा! आर्मादोर म्हळ्यार इगर्ज सजयता तो. मडें सजयता तो."

म्हणजे सणाला चर्च सजवणारा आणि मयतीला शवपेटी, काळं कापड, मेणबत्त्यांचा थाट उभा करणारा. घरी जाऊन शब्दकोश पुन्हा उघडला. हा अर्थही तिथेच होता, चार ओळी खाली. मला हवा तो अर्थ मिळाल्यावर मी पुढे वाचलंच नव्हतं.

पण आत्याचं हसणं हा पुरावा होत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात फादरांकडे जन्म-मयतीच्या वह्या सोडून कोंफ्रारियाची, म्हणजे सण चालवणाऱ्या संघाची, जमाखर्चाची वही मागितली. कुळशोधकांना विनंती: हिशेबाच्या वह्या सोडू नका. माणूस कधी जन्मला-मेला ते धर्मगुरू लिहितो, काय करत होता ते खजिनदार. शाई तांबूस होऊन पुसट झालेली, लोखंडाचा अंश असलेल्या जुन्या शाईचं होतं तसं. फ्लॅश न वापरता खिडकीच्या आडव्या उजेडात फोटो काढले आणि संगणकावर फोटोचा फक्त निळा चॅनेल उघडून पाहिला. तपकिरी शाई निळा प्रकाश खाते, त्यामुळे अक्षरं एकदम काळी होऊन वर येतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा अंगावर काटा येईल.

तिथे ते भेटले. सणाच्या खर्चात एक ओळ: 'आर्मादोरला, चर्च सजवण्याबद्दल' आणि पुढे रुपये-आणे. खाली लाल दमास्क कापड, सोनेरी गोट, सुतळी, आणि आल्फिनेतिश. टाचण्या! कोणता जहाजमालक चर्चच्या पैशाने टाचण्या घेईल? नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या दिवसाच्या खर्चात, एसा उभारण्याचे पैसे. एसा म्हणजे मृतांसाठीच्या मिस्साला चर्चच्या मध्यभागी काळ्या कापडाचा जो उंच मंच रचत तो. चार वर्षांच्या हिशेबात ही ओळ परत परत येते. पाचव्या वर्षी तिच्यात एक नवा शब्द येतो: पिंतार, रंगवणे. सजवणाऱ्याने हातात कुंचला घेतला तो बहुधा तिथून. पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत तर सरळ 'पिंतोर' लिहिलंय.

आजीचं म्हणणं होतं की आपण मूळचे चितारी, सावंतवाडीच्या चितारआळीशी नातं असलेले. याला माझ्याकडे एका कागदाचाही आधार नाही. गोव्यात 1567 च्या पहिल्या प्रांतिक परिषदेने ख्रिस्ती पूजेतल्या वस्तूंचं काम हिंदू कारागिरांना देऊ नका, असं बजावलं होतं. बजावावं लागलं म्हणजे काम त्यांच्याकडेच जात होतं. त्यामुळे चितारी घराण्यातून चर्चचा रंगारी निघणं अशक्य नाही. पण गलबतांनी पोळलोय, आता चितारआळी फुंकून पितो.

मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपलचं छत रंगवणारा इटालियन जेझुइट ब्रदर अंतोनियो मोस्केनी, किंवा गोव्याच्या सांतु इश्तेव्हांव बेटावर 1902 मध्ये जन्मून पुण्यात काम केलेला आंजेलो द फोन्सेका, यांचा माग काढायला चित्रं आहेत, पुस्तकं आहेत. आमच्यासारख्यांची चित्रं दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या डिस्टेंपरखाली जातात. आणि तो डिस्टेंपर मारणाराही आमच्यातलाच. आजोबा आठवडाभर लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डब्यांवर आकडे काढायचे आणि रविवारी मिस्सा आटोपून चर्चची भिंत. स्वतःच्या बापाची नक्षी त्यांनीच पांढरी केली असणार.

एक नक्षी मात्र वाचली, आणि यंदाची खरी कमाई तीच. माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याचे साचे निघाले, सात. काठावर रंगाच्या पुटांचे थर, गेरू, पिवडी, वर निळा. त्यातला एक लिलीच्या फुलाचा. साच्यात पाकळ्या एकमेकींपासून वेगळ्या राहाव्यात म्हणून मध्ये पत्र्याच्या बारीक पट्ट्या ठेवतात. या साच्यातली डावीकडची पट्टी तुटलेली, त्यामुळे दोन पाकळ्या एक झालेल्या. साचा घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. तिथलं सागवानी कपाट भिंतीपासून सरकवायला चार माणसं लागली. मागे हातभर भिंत रंगाऱ्यांनी कधी रंगवलेलीच नाही. त्यावर निळ्या लिलींची ओळ, प्रत्येक फुलाला डावीकडे जुळी पाकळी. साचा लावला, बसला. फादर म्हणाले, "आता कपाट परत लावायचं का?" लावलं. फोटो चोवीस काढलेत, पट्टी ठेवून, मापासकट.

आता गोवा. मयत नोंदीत 'बारदेशातला' इतकं स्वच्छ आहे, पुढच्या गावाच्या नावातलं पहिलं 'ए' अक्षर उरलंय, बाकीचं कसरीने खाल्लं. पोर्तुगीज लिपीत बारदेशातली पाच गावं त्या अक्षराची: हळदोणे, हणजूण, आसगाव, हडफडे, अस्नोडा. पण भोकाच्या खालच्या काठावर शाईचं एक शेपूट वाचलंय, ओळीच्या खाली उतरणारं. हळदोण्याच्या स्पेलिंगमध्ये खाली उतरणारं अक्षरच नाही, ते बाद. हणजुणेत जे आहे, हडफड्यात पी, आणि आसगाव-अस्नोड्यात जोड एस, ज्यातला पहिला जुने लेखक लांब शेपटीचा काढत. चार उरली. त्याच फादरांच्या हातची लांब एस असलेली नावं सध्या वहीभर शोधतोय. शेपूट डावीकडे वळतं की सरळ राहतं ते कळलं, तर पणजीच्या पुराभिलेखात चारपेक्षा कमी गावांच्या वह्या मागाव्या लागतील.